चौथा खूर

गणूदादा पहिल्यांदा आमच्या शाळेत आले ते कुणाला न विचारता थेट गच्चीवर गेले. मधली सुट्टी होती, मी नुकताच डबा उघडला होता. शिपाई सांगत आला, "मेहरुनबाई, ते सहावीतल्या पूर्वीचे काका वर टाकीपाशी फिरतायत. दुर्बीण कुठे ठेवलीय म्हणून विचारतायत." भूक लागलेली असली की माझं डोकं लवकर तापतं. जिने चढून वर पोचले तोवर ते चांगलंच तापलं होतं.

वर एक आडव्या अंगाचा, पन्नाशी उलटलेला माणूस उन्हात उभा होता. शर्टाच्या खिशात टेस्टर, पायात धुळीने भरलेले बूट. मला बघून त्यांनी हात जोडले आणि विचारलं, "बाई, दुर्बीन खाली नेली का?"

"ती इथे नव्हतीच," मी म्हटलं. "अटलांटिक महासागरात एक बेट आहे. त्या बेटावरच्या डोंगरावर आहे ती."

त्यांनी एकदा खाडीकडे पाहिलं. "मंग आमच्या पोरीनं फोटो कसा आनला?"

झालं होतं असं, की मागच्या आठवड्यात मी सहावीच्या मुलांना एकेक दीर्घिकेचा फोटो छापून दिला होता आणि पूर्वीने तो घरी नेऊन फ्रीजवर चिकटवला होता. मग मी सगळं सांगितलं, मुलांना सांगते तसं. ही दुर्बीण शाळांसाठी आणि साध्यासुध्या माणसांसाठी ठेवलेली आहे. आपण इथून कॉम्प्युटरवर मागणी टाकायची, अमुक तारा, अमुक वेळ. तिकडे रात्र झाली आणि आकाश मोकळं असलं की ती आपली आपण छप्पर उघडते, ज्याचा नंबर असेल त्याचा फोटो काढते आणि सकाळी पाठवून देते. हेच मी मुख्याध्यापकांना सांगितलं तेव्हा त्यांनी विजेचं बिल किती येईल ते विचारलं होतं.

"तिथं कोन असतं?" गणूदादांनी विचारलं.

"कोणी नाही."

"वॉचमन पन नाय?"

"नाही."

"म्हंजे लाईट नसंल तिथं."

"नाही. म्हणून तर तिथे ठेवलीय."

त्यांनी मान वर करून आभाळ बघितलं. मग म्हणाले, "बाई, मना बाजेचा फोटो काढून द्या. आयेला दाखवाचाय."

बाज म्हणजे सप्तर्षी. हे मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. आमच्या उरणच्या घरी माझी आजीसुद्धा त्या ताऱ्यांना बाजच म्हणायची. चौकोनातले चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे चार खूर, म्हणजे पाय. मागून वाकड्या ओळीत येणारे तीन तारे म्हणजे ती बाज पळवायला टपलेले तीन चोर. म्हातारीचा डोळा लागला की बाज उचलायची असा त्यांचा बेत, आणि म्हातारी काही झोपत नाही, म्हणून ते जन्मभर तिच्यामागे फिरतायत. आजीने ही गोष्ट मला कितीदा सांगितली असेल, आणि दर वेळी मी विचारायचे की म्हातारी झोपली तर काय होईल. आजी म्हणायची, तू झोप आधी.

"बाज मावणार नाही," मी गणूदादांना म्हटलं. "ही दुर्बीण फार लांबचं बघते, पण फार थोडं बघते. हात लांब करून करंगळीचं नख आभाळासमोर धरा. त्या नखाआड जेवढं आभाळ लपतं, त्याहून कमी तिच्या फोटोत येतं. तुमची बाज मुठीपेक्षा मोठी आहे."

"मंग एकेक खूर काढा."

मी म्हटलं, एकट्या ताऱ्याच्या फोटोत बघण्यासारखं काही नसतं. ही दुर्बीण अंधूक गोष्टींसाठी बनवलेली आहे, एवढा ठळक तारा तिच्यासमोर धरला तर फोटो जळल्यासारखा पांढरा येतो. शिवाय रांग असते, किती दिवस लागतील सांगता येत नाही. ते सगळ्याला मान हलवत होते. शेवटी मी म्हटलं, "बरं, चार खूर. आणि चोर?"

"चोर नको. चोर घरातच हाय," असं म्हणून ते जिना उतरून गेले. मला वाटलं घरात काही भाऊबंदकी असेल. डबा खायचा राहून गेला होता, म्हणून मी जास्त विचार केला नाही.

गणूदादा बोनकोड्याचे. शाळेपासून त्यांचं घर हाकेच्या अंतरावर, पण गाव कुठे संपलं आणि सेक्टर कुठे सुरू झाला ते आता तिथल्या माणसाशिवाय कुणाला सांगता यायचं नाही. त्यांच्या वडिलांचं भाताचं शेत होतं, आणि उन्हाळ्यात ते खाडीकाठच्या मिठागरावर कामाला जात. शहर वसवायला जमिनी घेतल्या गेल्या त्यात शेत गेलं, मग मिठागर गेलं, मग वडील गेले. गणूदादा वायरमनचं शिकले आणि एका कंत्राटदाराकडे लागले. काम होतं नव्या शहराला दिवे लावायचं. रस्त्यावरचे खांब, आणि चौकातले ते उंच मनोरे, ज्यांच्या डोक्यावर गोल चक्रात दिवे असतात. कोपरखैरण्यापासून कामोठ्यापर्यंत आणि पुढे जासईच्या कंटेनर यार्डांपर्यंत, जिथे रात्री सुईत दोरा ओवता येतो एवढा उजेड असतो, तिथपर्यंत त्यांच्या हातचे दिवे आहेत. लग्न झालं होतं, बायको लवकर गेली, मूल नव्हतं. धाकटा भाऊ सदू, त्याची बायको शांती, त्यांची पूर्वी, आणि आई भागीरथी, एवढं घर.

पहिला मनोरा गावाच्या तोंडावर, खाडीच्या रस्त्याला उभा राहिला. त्या दिवशी कुणीतरी नारळ फोडला, बटण दाबलं, पोरांनी ओरडा केला. गणूदादा तेव्हा वीस-बावीस वर्षांचे. आईला हाताला धरून दाखवायला घेऊन आले होते. तिने दिव्यांकडे पाहिलं, कौतुक केलं, मग सवयीने मान अजून वर केली आणि विचारलं, "गणू, बाज कुठं गेली रं?"

"चोरांनी नेली," गणूदादा म्हणाले आणि हसले. सगळेच हसले. पुढे कितीतरी वर्षं घरात ते थट्टेचं वाक्य होऊन बसलं. काही हरवलं की म्हणायचं, बाज गेली तिथं गेलं.

मागच्या दिवाळीनंतर भागीरथीबाई मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, या वयात आणि या हृदयाला भूल झेपायची नाही, घरी न्या आणि सांभाळा. सदूने फोमची गादी, लोखंडी पलंग सगळं आणलं, पण म्हातारी त्यावर निजेना. तिला तिची बाजच हवी. लाकडी खुरांची, सुंभाने विणलेली ती जुनी बाज गणूदादांनी माळ्यावरून काढली, नवं सुंभ आणून स्वतः विणली आणि खालच्या खोलीत लावली. दिवसभर म्हातारी उताणी पडून वरच्या स्लॅबकडे बघायची. एकदा दुपारी गणूदादा तिला पेज भरवत होते. ती अगदी शांतपणे म्हणाली, "जमीन सरकारनं नेली, मिठागर सरकारनं नेलं. बाज मातूर तू नेलीस, गणू."

हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, शाळेच्या फाटकाशी उभं राहून, खिशातला टेस्टर काढत आणि परत ठेवत. "रागानं बोलली असती तं बरं व्हतं, बाई," ते म्हणाले. "मी वाटी खाली ठेवली. पुढं भरवाला हात व्हईना."

मी असली गोष्ट ऐकली की लगेच तोडगा सुचवते, शिक्षकाची खोड. मी म्हटलं, "एक दिवस तो मनोरा बंद ठेवा. तुमच्याच हातात आहे. त्यांना उचलून अंगणात आणा."

"एक बंद करून काय व्हनार? पार मुंबईपरयंत उजेड हाय. आन त्या रस्त्यानं कंपनीतल्या पोरी घरी येतात. अंधारात कशा येतील?" आयुष्यभर केलेल्या ज्या कामाची ते आता लाज वाटून घेऊ लागले होते, ते काम वाईट नव्हतं. तेच तर सगळं दुखणं होतं.

पहिला फोटो क्रतूचा, म्हणजे बाजेच्या पहिल्या खुराचा आला. मी सांगितलं होतं तसाच, काळ्या चौकोनात एक पांढराफटक गोळा आणि त्यातून निघालेल्या रेघा. झेरॉक्सच्या दुकानात चकचकीत कागदावर छापून मी तो पूर्वीबरोबर पाठवला. दुसऱ्या दिवशी गणूदादा आले. चेहरा पडलेला.

"आये बोलली, हा तं तुज्याच खांबावरचा दिवा हाय."

मला हसू आलं आणि पुढच्या क्षणी स्वतःचा राग आला. खरंच तो दिवाच दिसत होता. मी उजेड घ्यायचा वेळ अगदी डोळा मिटून उघडण्याएवढा ठेवला, वेगळा फिल्टर निवडला, आणि क्रतू, पुलह, पुलस्त्य, अत्री अशा चारही ताऱ्यांच्या मागण्या नव्याने टाकल्या. आता फोटो बारीक यायला लागले. क्रतू थोडा पिवळसर आला, पुलह निळसर पांढरा. भागीरथीबाईंनी पुलहाचा कागद हातात धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि "हां" म्हणाल्या. बस, एवढंच. गणूदादा ते सांगायला भरभर पावलं टाकत शाळेत आले होते, आणि तो "हां" त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवला.

तिसरा खूर आला तेव्हा मीच घरी गेले. शांतीने चहा ठेवला. गणूदादा स्टुलावर चढून, मी काढून दिलेल्या आकृतीवरून टेपने माप घेत, बाजेच्या बरोबर वर स्लॅबला फोटो लावत होते. चार जागी पेन्सिलच्या खुणा केल्या होत्या. तीन भरल्या, चौथी मोकळी. खाली भागीरथीबाई मुठीएवढ्या होऊन पडल्या होत्या, पण डोळे चांगले जागे होते.

"तू ती दुर्बीनवाली?" त्यांनी मला विचारलं. "कनच्या गावची?"

"उरणची."

"मंग तुला ठावं असंल बाज."

"ठाऊक आहे, आजी. आणि ती कुठे गेलेली नाही. आत्तासुद्धा इथे वरच आहे. उजेडामुळे दिसत नाही, एवढंच."

"दिसत नाय ती नसल्यावानीच," त्या म्हणाल्या. आमच्याकडे ईदचा चंद्रही डोळ्यांनी दिसला तरच दिसला म्हणतात, त्यामुळे मला वाद घालता आला नाही. त्या पुन्हा वर बघू लागल्या. "तीन खुरांवर बाज उबी राहात नाय. चौथा कवा येल?"

"येईल, आये," गणूदादा स्टुलावरून म्हणाले. "चौथा आला का तुजी बाज पुरी. मंग कोन नेनार नाय."

आणि चौथा आला नाही. अत्री त्या चौघांत सगळ्यांत मंद, पण दोष त्याचा नव्हता. त्या बेटावर वाळवंटाकडून धूळ उडून आली होती. अशी धूळ असली की दुर्बीण छप्पर उघडतच नाही, आरशावर बसेल म्हणून. रोज सकाळी मी शाळेत पोचल्याबरोबर मेल उघडायचे, आणि रोज तेच उत्तर यायचं, आकाश योग्य नाही, मागणी रांगेत आहे. गणूदादा कामावर जाताना फाटकापाशी थांबायचे. मी मान हलवली की पुढे जायचे.

एक दिवस मला ते बघवलं नाही. मी त्यांना आत बोलावलं आणि म्हटलं, "गणूदादा, पुलहाचाच फोटो आणखी एकदा छापून देते. चौथ्या जागी लावा. तारा तो ताराच. कुणाला कळणार नाही."

मी असं म्हणाले, यावर माझ्या विद्यार्थ्यांचा विश्वास बसणार नाही. शाळेत माझी ख्याती वेगळी आहे. उत्तर चुकलं असेल तर मी अर्धा मार्कही देत नाही, आईबाप येऊन रडले तरी देत नाही. पण त्या दिवशी मी ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

गणूदादांनी विचार केल्यासारखं केलं आणि नकार दिला. "नको, बाई. तिची बाज मी एकदा नेली. आता देताना खोटी कशी देऊ?"

नंतरच्या आठवड्यात भागीरथीबाईंनी अन्न सोडलं. पूर्वीचं शाळेत येणं थांबलं. शनिवारी शाळा दुपारपर्यंतच असते, मी तशीच बोनकोड्याला गेले. ओटीवर नातेवाईक बसले होते, बायका आत, कुणीतरी मोबाइलवर हळू आवाजात गावोगाव कळवत होतं. शांतीने मला दारातूनच स्वयंपाकघरात नेलं.

"बाई, भाऊजी तुमचं आयकतील. तुमी सांगा. आयचा जीव बाजेत अटकलाय."

त्यांच्यात, आणि आजूबाजूच्या सगळ्याच गावांत, माणूस शेवटच्या घटकेला आला की त्याला बाजेवरून उचलून भुईवर घेतात. बाज म्हणजे ना जमीन ना आभाळ. बाजेवर जीव सहज जात नाही, अडकून राहतो, हाल होतात, असं समजतात. भुईला पाठ लागली की सुटतो. सगळे दोन दिवस गणूदादांना सांगत होते, आणि गणूदादा आईला खाली घेऊ देत नव्हते.

मला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. माझे वडील दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा त्यांचं तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला व्हावं म्हणून मी खाट फिरवायला लावली होती, नर्सशी भांडून. तरी मला वाटलं, गणूदादा वायरमन माणूस, यांचा कदाचित असल्या गोष्टींवर विश्वास नसेल. मी आत गेले.

ते बाजेच्या उशाशी खाली बसले होते, एक हात खुरावर. म्हातारीचा श्वास घरघरत होता. दंडावर सुंभाचे वळ उमटले होते, पाठीला तर जखमाच झाल्या असतील, कारण कूस बदलताना शांतीने हात लावला की ती कण्हत होती. मी हळूच म्हटलं, "गणूदादा, सगळे म्हणतायत तर घ्या ना खाली. तुमचा विश्वास नसेल तरी..."

"इस्वास हाय म्हनूनच घेत नाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "बाजेवर हाय तवर ती जात नाय. चौथा खूर येऊं दे. लगेच घेतो."

मला कळायला एक क्षण लागला. लोक जे तिच्या सुटकेसाठी सांगत होते, तेच उलटं वापरून त्यांनी तिला धरून ठेवलं होतं. अटलांटिकमधल्या धुळीसाठी. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि तितकीच दया आली, आणि दोन्हींचं काय करावं ते कळेना.

म्हातारीने डोळे उघडले. ओठ हलले. "चौथा?"

गणूदादांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सगळं होतं. मी सकाळीच मेल पाहिली होती.

"छप्पर बंद आहे," मी म्हटलं. "आज येणार नाही, गणूदादा. उद्याही नाही. कधी येईल ते तिथे कुणालाच माहीत नाही."

"नक्की?"

"नक्की."

थोडं मऊ सांगता आलं असतं. मला ते जमत नाही. ते बराच वेळ आईच्या दंडावरच्या वळांकडे बघत बसले, त्यावरून अंगठा फिरवत, जणू पुसले जातील. मग तिच्या कानाशी वाकले.

"आये. आला चौथा."

"कुठं?"

"वर लावला. बघ ना."

म्हातारीने वर पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं, मी, शांती, दाराशी आलेला सदू. स्लॅबवर तीन कागद होते आणि चौथ्या जागी पेन्सिलची फुली. ती खूप वेळ बघत राहिली.

"बरं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "मना खाली घे."

गणूदादा उठले. फरशी पुसून घेतली, चटई घातली, त्यावर तिचंच जुनं लुगडं अंथरलं. सदू आणि शेजारचा भावेश पुढे झाले. चादरीची टोकं धरून तिघांनी तिला उचललं आणि बाजेच्या पायथ्याशी खाली निजवलं. तिचं वजन असं काही राहिलंच नव्हतं. खोली लहान, बाजेमुळे बायकांना बसायला जागा होईना. "ही बाहेर घ्या," कुणीतरी म्हणालं. गणूदादांनी उशाकडून धरली, सदू आणि भावेशने पायथ्याकडून. तीन माणसं म्हातारीची बाज घेऊन दाराबाहेर गेली आणि माझ्याने तिकडे बघवेना. गणूदादांनाही ते उंबऱ्यातच लक्षात आलं असावं, कारण ते तिथे अडखळले. मग पुढे गेले.

ते बाहेर असतानाच शांतीने तिच्या तोंडात पाणी सोडलं. म्हातारी तिच्या कानाशी काहीतरी बोलली. मी दाराशी होते, मला ऐकू आलं नाही. रस्त्यावरचे दिवे लागायच्या आधी ती गेली.

तेरावं झाल्यावर शांती पूर्वीला शाळेत सोडायला आली. पूर्वी वर्गात गेली तरी ती जाईना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, एक गोष्ट हाय. कोनाला बोलले नाय. आय मना कानात बोलली, तीनच हायत. गन्याला सांगू नको."

वर्गाचं दार उघडं होतं, ते मी आधी ओढून घेतलं.

"भाऊजींना सांगू का? त्यांचा इस्वास हाय, आयला वाटलं चौथा आला म्हनून. त्याच्यावर जेवतात झोपतात ते."

"नको," मी म्हटलं. "कधीच नको."

धूळ बसली, छप्पर उघडलं, आणि एका सकाळी अत्रीचा फोटो आला. चौघांत तो सगळ्यांत सुंदर होता. मंद असल्यामुळे अजिबात जळला नव्हता, नीटस, बारीक, आणि आजूबाजूला आणखी कितीतरी अंधूक तारे, जे पहिल्या तिघांत उमटलेच नव्हते. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मी रडले. कुणीतरी विचारलं काय झालं, मी म्हटलं डोळ्यात काही गेलं, आणि माझ्या तोंडून आलेलं ते खोटं इतकं सहज होतं की माझं मलाच नवल वाटलं.

मी फोटो छापून संध्याकाळी घरी नेला. खालची खोली मोकळी होती. बाज परत आणली नव्हती, अंथरुणाबरोबर ती खाडीकाठी सोडून आले होते. स्लॅबवर तीन कागद तसेच. पंख्याच्या वाऱ्याने एकाचं टोक सुटून फडफडत होतं. गणूदादा कामावरून नुकतेच आले होते. दाढी वाढलेली, डोक्यावर केस अजून आखूड. त्यांनी फोटो दोन्ही हातांत घेतला.

"हा खरा ना?"

"खरा."

"लांबचा दिसतो."

"सगळ्यांत मंद आहे म्हणून तसा दिसतो."

ते स्टूल ओढून त्यावर बसले, फोटो मांडीवर ठेवून. मग म्हणाले, "बाई, तुमी तिथं व्हत्या. घरातल्यांना इचारलं तं माजं मन राखाला काय पन सांगतील. तुमी खोटं बोलत नाय, पूर्वी बोलते, अर्दा मार्क पन देत नाय. म्हनून तुमाला इचारतो." त्यांनी बोट वर केलं, त्या मोकळ्या खुणेकडे. "त्या दिवशी आयेला दिसला ना चौथा?"

शांती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. हातातलं भांडं तसंच.

"दिसला," मी म्हटलं. "मी तिच्या तोंडाकडेच बघत होते, गणूदादा. तिला चारही दिसले."

त्यांनी मान डोलावली. पुन्हा एकदा डोलावली. मग उठून स्टुलावर चढले आणि खाली हात केला. मी फोटो वर दिला. त्यांनी तो पेन्सिलच्या खुणेवर नीट बसवला, चारही कोपरे अंगठ्याने दाबले, दुसऱ्याचं सुटलेलं टोकही चिकटवलं. खाली उतरले, आणि जिथे आईला ठेवलं होतं तिथे उघड्या फरशीवर उताणे पडले.

बराच वेळ ते वर बघत होते.

"हितून चारी दिसतात," ते म्हणाले.